‘निरंक’ लिहू नये

२२ जानेवारी १९६३, मंगळवार. मेहकर

बुलढाण्याहून पत्र आलं. पावसाच्या रोजच्या खबरीचा तक्ता आता जिल्ह्याला एकच होणार. छापील, मराठी. आजवर प्रत्येक कचेरीचा आपला वेगळा. आमचा तर हातानं रेघा मारलेला, कोणी कधी मारल्या ठाऊक नाही. तक्त्याच्या मागे सूचना छापायच्या. पत्रात लिहिलंय, ‘सूचनांची भाषा अशी असावी की वाचणाऱ्याने एकच अर्थ घ्यावा.’ लढाईमुळे कागदाची टंचाई, म्हणून सगळं एका पानावर.

मसुद्यासाठी तिघं नेमले. पेंडसे साहेब (पाटबंधाऱ्याचे नवे इंजिनियर, पुण्याचे, वय तिशीच्या आत). वानखेडे गुरुजी, हायस्कुलात मराठी-संस्कृत शिकवतात. आणि मी, तहसील कचेरीतला कारकून, कारण नऊ वर्षं हा तक्ता मीच भरतो.

शांतेला सांगितलं. म्हणाली, “चांगलं झालं नं मंग. तोंड काऊन असं?”

काही नाही म्हटलं.

२ फेब्रुवारी, शनि.

पहिली बैठक, हायस्कुलात. पें. साहेबांनी मसुदा करूनच आणलेला. हुशार माणूस. आधी त्यांनी मला कामाची रीत विचारली. सांगितली: तालुक्यात नऊ गावांत पावसाची मापं. सकाळी साडेआठला मोजायचं. तीन गावांना पोष्टात टेलिफोन, बाकीच्या सहांची चिठ्ठी जवळच्या फोनपर्यंत पायी किंवा सायकलीनं. साडेनवाच्या आत सगळे आकडे माझ्याकडे. मी ते बुलढाण्याला कळवतो, आणि नदीच्या फरशीवरचा (पुरात पाण्याखाली जाणारा बुटका पूल) चौकीदार रहीमभाई माझ्याकडून चिठ्ठी घेऊन जातो. वर डोंगराकडे पाऊस जास्त असला की तो फरशीला साखळी लावतो, गाड्या थांबवतो. वरचं पाणी फरशीवर यायला तीन-साडेतीन तास लागतात.

साहेब म्हणाले, “म्हणजे हे एक जाळंच आहे. एका टोकाला चूक झाली की दुसऱ्या टोकाला कळणारही नाही.”

मी मान हलवली.

मसुद्यातला सहावा रकाना. सूचना अशी: ‘पाऊस नसल्यास अथवा नोंद उपलब्ध नसल्यास निरंक असे लिहावे.’

मी म्हटलं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, दोन शब्द पाहिजेत. वा. गुरुजी म्हणाले, “इंगळे, निरंक म्हणजे अंक नाही. दोन्ही ठिकाणी अंक नाहीच. एक शब्द दोन कामं करतो, हा भाषेचा गुण आहे.”

साहेबांनी घड्याळ पाहिलं. पुढच्या वेळी बघू.

मी अजून बोलायला हवं होतं. बोललो नाही. का, ते मला माहीत आहे.

३ फेब्रुवारी, रवि.

लिहून काढतो. निदान इथे.

गेल्या श्रावणात आसोलखेडचं माप चार दिवस बंद होतं. आसोलखेड सगळ्यात वरचं गाव, डोंगराच्या पोटात. तिथले माप बघणारे मास्तर तापानं अंथरुणावर. तिसऱ्या दिवशी सकाळी फोन आला, पोष्टातल्या माणसानं चिठ्ठी वाचली: “मोजलं नाही.” माझ्या तक्त्यात सहाव्या रकान्यात एक तर आकडा, नाही तर निरंक. मी निरंक लिहिलं. त्या आधीचे दोन दिवसही तेच लिहिलेलं होतं. रहीमभाईला चिठ्ठी दिली, आसोलखेड निरंक.

त्या सकाळी आठ ते सव्वानऊ तिकडे ढग फुटल्यासारखा पाऊस होऊन गेला होता. मेहकरात थेंब नव्हता, ऊन होतं.

पाऊण वाजता फरशीवर एकदम पाणी आलं. गणपत माळी वांग्या-मिरच्यांची गाडी घेऊन मधोमध होता. तो गेला आणि एक बैल गेला. दुसरा बैल जू तोडून काठाला लागला.

चौकशी झाली. ‘दैवी आपत्ती’ असं लिहून आलं. मला कोणी काही विचारलं नाही. तक्त्यात निरंक आहे, तक्ता बरोबर आहे.

१० फेब्रुवारी, रवि.

आसोलखेडला जाऊन आलो. माप तपासायला म्हणून. मोटारीनं लोणवडी (आसोलखेडची चिठ्ठी इथूनच फोनवर येते), तिथून दोन मैल पायी. तूर निघालेली, शेतं मोकळी.

मास्तर बरे आहेत, पण दमा धरलाय. माप आता त्यांची बायको गिरजाबाईच बघते. खरं तर पहिल्यापासून तीच बघायची, सही मास्तरांची. शाळेच्या मागं कुंपण घातलेलं, मापाभोवती गवत नीट कापलेलं. नऊ गावांत एवढं नेटकं माप दुसरं नाही. नळीत पाणी ओतून मला मोजून दाखवलं. डोळा पाण्याच्या रेघेच्या बरोबर समोर आणला, वरून पाहिलं नाही. म्हणाली, “वरून पाह्यलं तं एक रेघ जास्त दिसते, बाबू.”

मी विचारलं, गेल्या श्रावणात ते चार दिवस?

“मास्तर फणफणले होते. मी त्याईच्या उशाशी. माप भरून वाहून गेलं होतं का काय, पाह्याले गेलीच नाही. खोटं काऊन लिवू? मी चिठ्ठीत लिवलं, मोजलं नाही.” मग माझ्याकडे पाहून, “तुमी काय लिवलं मंग?”

मी म्हटलं, तक्त्यात तशी सोय नव्हती.

“हाव, पण लिवलं काय?”

चहा आला म्हणून सुटलो. परत येताना दोन मैल सारखं तेच. तिनं विचारलं ते साधं होतं. माझं उत्तर सरकारी होतं.

२३ फेब्रु., शनि.

दुसरी बैठक. आज बरंच पुढे सरकलं.

एक, दिवस कोणता? ‘१२ तारखेचा पाऊस’ म्हणजे बाराला सकाळी मोजलेला की बारा तारखेला दिवसभर पडलेला? नऊ गावांत दोन्ही चाली आहेत. ठरलं: ज्या सकाळी मोजला ती तारीख. काल-आज हे शब्द तक्त्यात कुठंच नाहीत.

दोन, आकडे. साहेब म्हणाले, “यात काय संदिग्ध आहे? आकडा तो आकडा.” मी म्हटलं, फोन करून पाहू. त्यांना पोष्टात नेलं, लोणवडीला फोन लावला. तिकडच्या पोष्टमास्तरांना साहेबांनी पाच आकडे वाचून दाखवले आणि लिहून घ्यायला सांगितलं. मग उलटे विचारले. एकोणसत्तरचे एकोणसाठ झाले. बावीसचे बत्तीस. ‘साडेबारा’ त्यांनी बारा लिहिले, ‘साडे’ तारेतच राहिला. साहेब हसायलाच लागले. पाचात तीन चूक! ठरलं: आकडा अंकाअंकानं सांगायचा. सहा-नऊ. दोन-दोन. एक-दोन-टिंब-पाच. ऐकणाऱ्यानं परत म्हणून दाखवायचं. साडे, दीड, अडीच, पाऊण बंद. इंच बंद, फक्त मिलिमीटर.

तीन, सहावा रकाना. मी पुन्हा म्हटलं, दोन शब्द. गुरुजी थोडे नरमले. म्हणाले, “ठीक. पाऊस नसेल तर निरंक. नोंद नसेल तर अप्राप्त.”

शुद्ध आहे खरा शब्द. पण कोणाला कळणार? त्यावर गुरुजी चिडले. “कळत नाही तर शिकवा! राज्य मराठीचं झालं, मराठी शब्द नकोत?”

साहेब म्हणाले, एखाद्याला विचारून बघा.

३ मार्च, रवि.

फरशीवर गेलो, सायकलीनं. रहीमभाई चौकीपुढे साखळीला ग्रीस लावत होता. पावसाला तीन महिने आहेत, तरी. गेल्या आठवड्यातल्या ईदची शेवई उरली होती, ती दिली.

मी विचारलं, रहीमभाई, चिठ्ठीत ‘अप्राप्त’ आलं तर काय समजाल?

विचारात पडला. “अप्राप्त… म्हंजे भेटला नाही. कोन भेटला नाही, बाबू?”

हसलो. तोही हसला. मग हसणं थांबलं आणि तो फरशीकडे बघत बोलायला लागला. आपणहून.

“त्या दिवशी गणपतनं मले इचारलं होतं, जाऊ का म्हणून. मी म्हणलं, जा, वर काई नाही. निरंक हाय. माह्या तोंडानं सांगितलं बाबू. सात महिने झाले, मी रोज तेच पाहून राह्यलो. वर पाह्यलं असतं थोडं तं, पाणी गढूळ होऊन राह्यलं होतं, मले दिसाले पाह्यजे होतं.”

मी सांगितलं. सगळं. आसोलखेडहून काय आलं होतं आणि मी काय लिहिलं.

तो ग्रीसचा हात तसाच धरून बसला.  मग एवढंच म्हणाला, “म्हंजे तिथं कोनाले काईच मालूम नव्हतं.”

हो.

“अन् मले वाटलं, मालूम हाय.”

उठून चौकीत गेला. मी थोडा वेळ थांबलो. बाहेर आला नाही. शेवईचं भांडं धुऊन दारात ठेवून निघालो.

५ मार्च

शांतेला सांगितलं. सकाळी, भाकऱ्या चालू असताना. तिचा हात थांबला नाही. तव्यावरची उलटून म्हणाली, “मले वाटलंच होतं काई तरी हाय. श्रावणापासून तुमी वांगं खात नाही.”

हे मला स्वतःलाही कळलं नव्हतं.

म्हटलं, बैठकीत सांगणार आहे. त्याशिवाय ते वाक्य बदलणार नाही. लेखी मागतील. नोकरीवर येऊ शकतं.

“काढतीन?”

काढू शकतात. निदान चौकशी उघडतील परत.

तिनं भाकरी टोपल्यात टाकली. “मी शिवणाची मशीन उघडतो. तुमी सांगा.” थोड्या वेळानं, “पण गुरुजीले सांगाच्या आधी अनसूयाले सांगाले पाह्यजे होतं.” अनसूया म्हणजे गणपतची बायको.

बरोबर आहे तिचं. पण ते मला आज जमणार नाही. आधी बैठक.

१६ मार्च, शनि.

झालं.

गुरुजींनी अप्राप्तवर दोन पानांचं टिपण आणलं होतं. त्यांना वाचू दिलं. संपल्यावर म्हटलं, मला एक गोष्ट सांगायची आहे, ती शब्दाबद्दलच आहे. आणि सांगितली. तारीख, फोनवरचे शब्द, माझ्या हातानं लिहिलेला शब्द, रहीमभाई, गणपत. मधे एकदा थांबून पाणी प्यालो, पुढे सांगितलं.

 शाळेच्या पटांगणात लेझीम चाललं होतं, तेवढा आवाज.

पें. साहेब म्हणाले, “इंगळे, हे तुम्ही लेखी द्याल?”

देईन.

“दिलंत तर ते बुलढाण्याला जाईल. मी अडवू शकणार नाही.”

अडवू नका.

गुरुजींनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. टिपणाची दोन्ही पानं घडी करून खिशात घातली. म्हणाले, “गणपत माझा विद्यार्थी होता. आठवीपर्यंत.” मग कागद स्वतःकडे ओढला आणि ‘अप्राप्त’ खोडला. ‘निरंक’ही खोडला. “शून्य लिहू. शून्य म्हणजे मोजून आलेलं काहीच नाही. आणि तुमच्या त्या बाई काय म्हणाल्या होत्या?”

मोजलं नाही.

“तेच. जसं बोलल्या तसं.”

मग पुढचे दोन तास आम्ही तिघं एका सूचनेवर बसलो. गुरुजींनी एक मुद्दा काढला. म्हणाले, “सगळ्या मसुद्यात आपण ‘लिहावे’ लिहिलंय. लिहावे म्हणजे काय? लिहिलं तर बरं, की लिहिलंच पाहिजे? आई म्हणते जेवावं, तेव्हा तो हुकूम नसतो. वैद्य म्हणतो औषध घ्यावं, तेव्हा असतो. वाचणारा आपल्या सोयीचा अर्थ घेणार.”

म्हणून ठरलं: जिथे सूट नाही तिथे ‘लिहिलेच पाहिजे’. जिथे सूट आहे तिथे ‘लिहिले तर चालेल’. ‘लिहावे’ हा शब्द पानावर कुठेच नाही. सूचनांच्या डोक्यावर पहिली ओळ घातली, या दोन शब्दप्रयोगांचा अर्थ सांगणारी.

सहावा रकाना, शेवटी असा:

‘माप पाहिले व पाऊस नव्हता, तर ० लिहिलेच पाहिजे. माप पाहिले नाही, तर “मोजले नाही” असे लिहिलेच पाहिजे. कारण लिहिले तर चालेल. रकाना रिकामा ठेवू नये. निरंक हा शब्द लिहू नये.’

गुरुजींनी मोठ्यानं वाचलं, तीनदा. तिसऱ्यांदा वेगळा अर्थ काढता येतो का म्हणून मुद्दाम वेडंवाकडं वाचलं. आला नाही.

निघताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि लगेच काढला.

३० मार्च

मसुदा गेला. माझं निवेदन सोबत, जोडपत्र एक. साहेबांनी शेवटचं विचारलं, “वेगळ्या पाकिटात पाठवू का?” नको म्हटलं. वाक्य का बदललं ते वाक्याच्या मागेच असू द्या.

७ एप्रिल, रवि.

आज अनसूयाकडे गेलो. शांता म्हणाली मी येतो संगं. नको म्हटलं.

मळा नदीच्या अलीकडे, फरशीपासून कोसभर. ती आणि दीर मिळून वाहतात. मिरचीला पाणी देणं चाललं होतं. मला ओळखलं, कचेरीतले बाबू. बाज पुढे केली. मी उभाच राहिलो.

सांगितलं. रहीमभाईला सांगताना जेवढं अवघड गेलं, त्याहून सोपं जाईल असं वाटलं होतं. नाही गेलं.

ती बारं धरून वाफ्यांत पाणी वळवत होती, ते तसंच वळवत राहिली. एक वाफा भरला, फोडला, दुसऱ्यात पाणी सोडलं. मग फावडं टेकवून,

“आता काऊन सांगून राह्यले?”

म्हटलं, कागद बदलतोय. पुन्हा तसं होऊ नये म्हणून.

“कागद बदलला तं बदलला. तुमी श्रावणात याले पाह्यजे होतं. मी रहीमभाईले काय काय बोलली. भर बाजारात. त्याच्या तोंडावर थुंकायची राह्यली होती.”

मी खिशातली नक्कल बाहेर काढली.

“वाचा तो कागद.”

घडी उघडली. सहावा रकाना वाचला. तिनं परत वाचायला लावला. दीरही जवळ येऊन उभा राहिला.

“शून्य आलं तं रहीमभाई साखळी लावत नाही.”

हो.

“आकडा मोठा आला तं लावते.”

हो.

“अन् ‘मोजले नाही’ आलं तं?”

मी कागदाकडे बघत राहिलो. जणू तिथे लिहिलेलं असेल.

“लिवलं नाही नं त्याच्यात,” ती म्हणाली आणि पाण्याकडे वळली. पाणी वाफ्याबाहेर चाललं होतं.

जा म्हणाली नाही, बसा म्हणाली नाही. माफ केलं असं काही म्हणाली नाही. माफी मी मागितलीही नव्हती. ती मागायला गेलो नव्हतो, असं स्वतःला सांगत परत आलो.

८ एप्रिल

सकाळीच पें. साहेबांच्या बंगल्यावर. अनसूयानं विचारलेलं सांगितलं. ते दाढी करत होते, अर्ध्या गालावर साबण. आरशातूनच म्हणाले, “अरे बापरे.”

मग पुसून बसले. “पण ते आपल्या कक्षेत येत नाही, इंगळे. आपल्याला तक्त्याची भाषा ठरवायला सांगितलं होतं. काय कळवायचं ते. कळल्यावर काय करायचं, ते वेगळं खातं.”

म्हटलं, वेगळं खातं फरशीवर उभं नसतं. तिथं रहीमभाई असतो.

दहा मिनिटं वाद. मग एक ओळ लिहिली त्यांनीच: ‘“मोजले नाही” असे आल्यास, वरच्या भागात जोराचा पाऊस झाला असे समजूनच फरशी बंद केली पाहिजे.’ गुरुजींना शाळेत गाठून दाखवली. त्यांनी ‘जोराचा’ शब्दावर पाच मिनिटं घेतली, मग सही केली. दुपारच्या टपालानं पुरवणी म्हणून रवाना.

२४ मे, शुक्र.

मंजुरी आली. पूर्ण नाही. एक पावसाळा, फक्त आमच्या तालुक्यात, अजमावून पाहण्यापुरता. पटला तर पुढे जिल्ह्याला. छापील तक्ते सोबत. कोरा वास. पान उलटून सहावा रकाना पाहिला. शब्दाला शब्द आमचा. एक काना-मात्रा इकडची तिकडे नाही.

पुरवणीची ओळ नाही. पत्रात उत्तर आहे: ‘प्रत्यक्ष कार्यवाहीबाबत स्वतंत्र आदेश यथावकाश निघतील.’

गुरुजी म्हणाले, “यथावकाश! या शब्दावर समिती नेमा म्हणावं.”

माझ्या निवेदनाबद्दल एक अक्षर नाही. शांता रोज विचारते, काई आलं का? नाही म्हणतो. तिनं मशीन मात्र उघडली आहे. परकर-पोलकी शिवते. आलं तर आलं, म्हणते.

३ जून, सोम.

नऊ गावांचे माप बघणारे बोलावून शिकवलं. गिरजाबाई मास्तरांबरोबर आली. सगळ्यांत बाई ती एकटीच. सगळ्यांत आधी तिनं तक्ता वाचला, सहाव्या रकान्यावर बोट ठेवलं, माझ्याकडे पाहिलं. त्या दिवशी चहावर टाळलेलं उत्तर मी आज दिलं, बाजूला घेऊन. ऐकून म्हणाली, “मले वाटलंच होतं.” मग, “आता मी लिवलं तं तसंच जाईन नं पुढं?”

तसंच जाईल.

“मंग ठीक.”

एका गावचे पाटील म्हणाले, ‘मोजले नाही’ लिवलं तर आळशी म्हणून ठपका येईल, त्यापेक्षा शून्य बरं. म्हटलं, ठपका आला तर माझ्याकडे पाठवा. खोट्या शून्यावर मात्र मीच ठपका ठेवीन. आवाज चढला होता माझा. 

२८ जून

तीन आठवडे तक्ता चालू. अंकाअंकानं सांगणं जमतंय. लोणवडीचे पोष्टमास्तर आता परत म्हणून दाखवल्याशिवाय फोन ठेवत नाहीत, वर मलाच दरडावतात, “बाबू, परत म्हना!” एकदाही ‘मोजले नाही’ आलेलं नाही. रहीमभाई रोज येतो, चिठ्ठी घेतो, वाचून घडी करतो. पहिल्यासारखा बोलत नाही, पण अनसूया परवा चौकीवर गेली होती म्हणे, मिरच्यांची पुडी ठेवून आली. कोण काय बोललं ते त्यानं सांगितलं नाही.

१० जुलै, बुध.

आज आलं.

नऊ वीसला लोणवडीचा फोन. “आसोलखेड. मोजले नाही. कारण, नळी फुटली.” मी परत म्हटलं: मोजले नाही, नळी फुटली. “बरोबर.” काल तिथल्या मापावर वानरांनी उड्या मारल्या. नवी नळी अकोल्याहून येणार. आठवडा तरी लागेल.

मेहकरात ऊन. बाकी आठ गावं शून्य किंवा दोन-चार.

पें. साहेबांना फोन लावला. दौऱ्यावर. बुलढाण्याला लावला. तिथल्या साहेबांनी विचारलं, “आदेश निघालाय का?” नाही. “मग नेहमीप्रमाणे.” नेहमीप्रमाणे म्हणजे काय, विचारलं. त्यांनी फोन ठेवला.

रहीमभाई पुढ्यात उभा. चिठ्ठी लिहिली, मोजले नाही. त्यानं वाचली. “बाबू, काय करू?”

लावा म्हटलं. साखळी.

त्याच चिठ्ठीवर खाली लिहून दिलं, फरशी बंद ठेवावी. मग ‘ठेवावी’ खोडून ‘ठेवलीच पाहिजे’ केलं, आणि सही.

साडेदहा ते दोन बंद. दोन्ही काठांना गाड्या, दोन मोटारी, बाजाराचा माल. पाणी आलं नाही. इंचभरही चढलं नाही. रहीमभाईला शिव्या. एका व्यापाऱ्याची टोमॅटोची टोपली उन्हात गेली, त्यानं कचेरीत येऊन माझं नाव लिहून घेतलं.

११ जुलै, गुरु.

खुलासा मागवला आहे. ‘कोणत्या अधिकारात फरशी बंद केली?’ तीन दिवसांत. सोबत पहिल्यांदाच माझ्या मार्चच्या निवेदनाचा उल्लेख: ‘त्याचाही विचार एकत्रित करण्यात येईल.’

आजही ‘मोजले नाही’. आजही लावली. आजही पाणी नाही. गर्दी कालच्यापेक्षा जास्त. रहीमभाईची कॉलर धरली कोणी तरी.

पें. साहेब संध्याकाळी आले, घरी. पुण्याचा माणूस, शांतेनं पाट दिला तर त्यावर मांडी घालून बसले. खुलाशाचं पत्र वाचलं. “कायद्यानं तुमच्याकडे उत्तर नाही, इंगळे.”

माहीत आहे.

“एकदा तरी पाणी आलं असतं तर,” म्हणाले आणि थांबले. आम्ही दोघंही ओशाळलो.

जाताना म्हणाले, खुलाशावर मीही सही करतो. म्हटलं, आधी मसुदा बघा, मग ठरवा. उद्या दाखवतो.

शांता म्हणाली, “उद्या बी लावणार?”

नळी येईपर्यंत रोज.

१२ जुलै, शुक्र. सकाळ

नऊ पंचवीस. आसोलखेड, मोजले नाही. आभाळ स्वच्छ. डोंगराकडे थोडं काळं, पण ते असतंच.

खुलाशाचं एक वाक्य झालंय: ‘वर काय झाले ते मला माहीत नव्हते, आणि माहीत नाही हे मला माहीत होते.’ गुरुजींकडे पाठवलं, कान्यामात्र्यासाठी. त्यांनी काही न बदलता परत पाठवलं. पुढचं वाक्य सुचत नाही. अधिकार हा शब्द त्यात कुठे घालावा ते कळत नाही.

रहीमभाई चिठ्ठीला आलाय, दारात उभा. काल फाटलेल्या सदऱ्याची बाही टाचून आलाय. आज त्यानं काय करू विचारलं नाही. “आज बाजाराचा दिवस, बाबू. लय गर्दी राहीन,” एवढंच म्हणाला.

आज शिव्या त्यानं एकट्यानं खायच्या नाहीत. मी सोबत जातो. हेडक्लार्कना अर्धा दिवस रजेचा अर्ज लिहून ठेवलाय, कारणाच्या जागी खरं कारण. दहाची मोटार फरशीवर पोचायच्या आत साखळी लागली पाहिजे.

सायकल काढतो.